बिगिनर्सचं पुस्तक नको

२ जून, सोमवार. सकाळी ११.१५

मॅनेजर राजगोपाल सारांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. तिरुभुवनमच्या आमच्या सिल्क विणकर सोसायटीचा जुना डेटाबेस ऑगस्टअखेर नव्या सर्व्हरवर न्यायचा आहे. सभासदांची नावं, मागांचे नंबर, कोण किती वर्षं विणतंय, सगळं. १ सप्टेंबरला चेन्नईहून अधिकारी येऊन बघणार. जो हे काम करील तो सिस्टिम ऑफिसर.

'जो करील' म्हणताना सार माझ्याकडे बघत होते. बघणारच. एकोणीस वर्षं हा डेटाबेस मी सांभाळतोय. इथे बाकीच्यांना क्वेरी हा शब्द नीट उच्चारताही येत नाही. भुवनेश्वरीला येतो, पण ती लागून आठ महिने झालेत आणि तिचं वय चोवीस. ती धरायची नाही.

संकल्प: नव्या सिस्टिमला हात लावण्याआधी एक चांगलं छापील पुस्तक वाचायचं. ॲडव्हान्स्ड युजर्ससाठी लिहिलेलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हातात पेन्सिल घेऊन.

३ जून, मंगळवार

संकल्प भुवनेश्वरीला सांगितला. म्हणाली, "सार, कंपनीच्या साइटवर सगळं फुकट आहे. व्हिडिओसुद्धा आहेत."

दया आली. व्हिडिओ बघून शिकणं म्हणजे शेजारी जेवतोय ते बघून ढेकर देणं. या पिढीला पान उलटायचे कष्ट नकोत.

आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरकडचे मराठी. ही रोजनिशी मराठीत लिहितो याचं समाधान वाटतं. ऑफिसात एकालाही वाचता येत नाही. टेबलावर उघडी टाकून चहाला जातो.

७ जून, शनिवार

कुंभकोणमला गांधी पार्कजवळच्या कृष्णमूर्तींच्या दुकानात गेलो. एके काळी पुस्तकांचं दुकान होतं. आता परीक्षांची गाइडं, वह्या आणि वासाची खोडरबरं.

मी म्हटलं, डेटाबेसचं पुस्तक हवंय. कृष्णमूर्ती म्हणाले, "मुलगा कुठल्या वर्षाला आहे?"

मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती लग्न होऊन कोइंबतूरला असते. म्हटलं, माझ्यासाठी हवंय. त्यांनी चष्मा वर करून मला बघितलं आणि 'डेटाबेस शिका एकवीस दिवसांत' पुढे केलं. मुखपृष्ठावर अंगठा दाखवणारा माणूस.

म्हटलं, "मी एकोणीस वर्षं वापरतोय. मला एकवीस दिवसांचं पुस्तक देता?"

म्हणाले, "मग तुम्हाला आणखी सोपं जाईल, सार."

यापुढे त्या दुकानात पाऊल टाकणार नाही. एक वही घेतली. नोट्ससाठी. चांगली आहे.

११ जून, बुधवार. दुपारी ३

सरस्वती अम्मा नावाची विणकरीण आली. पासष्टीची असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सप्टेंबरात तंजावूरला डोळ्यांचं शिबिर आहे, तिथे ज्येष्ठ विणकराचं ओळखपत्र असलेल्यांचं ऑपरेशन आधी होतं. ओळखपत्राला पंचवीस वर्षांची नोंद लागते. नावांची यादी आमच्याकडून ३० ऑगस्टला जाणार.

कॉम्प्युटरवर बघितलं. चौदा वर्षं. तसं सांगितलं.

तर म्हणते, "सार, माझा धाकटा एकतीस वर्षांचा आहे. तो पाळण्यात होता तेव्हा मी सोसायटीच्या मागावर बसले."

म्हटलं, मुलाच्या वयाचा रकाना आमच्याकडे नाही.

भुवनेश्वरीला न विचारता मध्ये पडायची सवय आहे. तिने स्क्रीनवर शोधलं. २०११ च्या आधी सतरा वर्षं 'आर. सरस्वती', २०११ नंतर चौदा वर्षं 'सरस्वती रामस्वामी'. 'आर.' म्हणजे नवरा रामस्वामीच, घर तेच, माग तोच. म्हणाली, "सार, ही एकच बाई आहे. नवे नंबर देताना कुणीतरी एकीच्या दोन केल्यात."

२०११ मध्ये नवे नंबर मीच दिले होते. त्या वर्षी उन्हाळा फार होता.

सरस्वती अम्माला समजावून सांगितलं की दोन नोंदी एकत्र करणं हा ॲडव्हान्स्ड विषय आहे. पुस्तक आलं की पहिलं तिचं काम. तिने हात जोडले. मशीनला जोडले की मला, नीट कळलं नाही. तिला दिसत नाही.

१४ जून, शनिवार

सापडलं! एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत. अकराशे चाळीस पानं, कापडी बांधणी. मात्र घरी न्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं.

लायब्रेरियन म्हणाला, "सार, तेरा वर्षांत हे कुणी मागितलं नाही. मध्यंतरी आम्ही दाराला अडण म्हणून लावत होतो."

हे आजचं इंजिनीअरिंग!

दहा वाजता बसलो. प्रस्तावना वाचली. उत्कृष्ट प्रस्तावना. लेखक म्हणतो, ज्यांना बाकी सगळं येतं त्यांच्यासाठीच हे पुस्तक आहे. प्रत्यक्ष ओळख नसताना माणूस इतकं अचूक कसं लिहितो? इथे जरा डोळे मिटून विचार केला.

१२.४० ला लायब्रेरियनने उठवलं. कपाळावर पुस्तकाच्या कडेचा वळ आहे. घरी बायकोला, सुंदरीला सांगितलं, बसच्या दांड्याला डोकं लागलं.

२१ जून, शनिवार

लायब्ररी बंद. ॲडमिशनची गर्दी, महिनाभर बाहेरच्यांना प्रवेश नाही. बाहेर बाकावर बसलो. दोन डिग्री कॉफ्या, म्हणजे इथली घट्ट दुधाची फिल्टर कॉफी. परत.

२२ जून, रविवार

सुंदरी म्हणाली, "तुम्हाला पुस्तक होणं की काम होणं?" आमच्या घरच्या बोलीत 'होणं' म्हणजे 'हवं असणं'. एकदा पुण्याचा एक पाहुणा हे ऐकून म्हणाला होता, किती जुनी मराठी, अगदी बखरीतली. तो दोन दिवस राहिला आणि तिसऱ्यांदा वाढलेलं सांबार मुकाट्याने खाल्लं.

सुंदरीसारख्या गृहिणीला पद्धतशीर अभ्यास काय कळणार? पंचवीस वर्षं एकही पुस्तक न वाचता स्वयंपाक करते आहे.

स्वयंपाक चांगला करते. पण तो मुद्दा नाही.

२७ जून, शुक्रवार

सरस्वती अम्मा पुन्हा आली. आत येताना दाराच्या चौकटीला खांदा लागला. सांगत होती, तुटलेला धागा आता दिसत नाही. बोटांनी चाचपून शोधते आणि सून येऊन गाठ मारते.

जाताना तिने विचारलं, "पुस्तक मिळालं का सार?"

म्हटलं, शोध चालू आहे. अशी कामं घाईने होत नाहीत.

भुवनेश्वरी खाली मान घालून टाइप करत होती. इतक्या जोरात टाइप करायची गरज नव्हती.

६ जुलै, रविवार. चेन्नई

खास यासाठी आलो. मोठ्या दुकानात कॉम्प्युटरचा विभाग म्हणजे एकच फळी, पाककृतींच्या शेजारी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सार, ॲडव्हान्स्ड लोक पुस्तकं घेतच नाहीत. छापील फक्त बिगिनर्स घेतात."

तिला सांगितलं, मी आलोय, आता मत बदला. हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.

मग जुन्या पुस्तकांच्या बाजारात. दोन तास ढिगाऱ्यात. शेवटी मिळालं! 'ॲडव्हान्स्ड डेटाबेस, भाग दुसरा'. पहिला भाग नव्हता. विक्रेता म्हणाला, पहिला भाग सगळेच घेतात, त्यात सोपं असतं. योग्य माणूस भेटला.

परतीच्या गाडीत पुस्तक मांडीवर मुखपृष्ठ वर करून ठेवलं. समोरच्याने विचारलं, "प्रोफेसर?" मान हलवली. नक्की हो म्हणालो असं नाही.

१६ जुलै, बुधवार

भाग दुसऱ्यात 'पहिल्या भागात पाहिल्याप्रमाणे' हे शब्द पहिल्याच प्रकरणात सदतीस वेळा आहेत. मोजले. मोजायला दोन दिवस लागले.

लेखकाला वाचकाशी काही देणंघेणं नाही. पुस्तक कपाटात.

१८ जुलै, शुक्रवार

भुवनेश्वरीने कंपनीचं अधिकृत मॅन्युअल डाउनलोड करून दिलं. नव्या व्हर्जनचं. सोळाशे बारा पानं, फुकट. म्हणाली, "हवं ते शोधून तेवढंच वाचा, सार."

हवं ते शोधून तेवढंच! हे काय वर्तमानपत्र आहे?

नागेश्वरन कोविल या देवळाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दिलं. सगळं छापून चार स्पायरल खंड. संध्याकाळी टेबलावर रचले. राजगोपाल सार जाता जाता थांबले. म्हणाले, "तुकोजी, हे सगळं वाचणार?" म्हटलं, "वाचायला घेतलंय."

बऱ्याच वर्षांनी असं वाटलं की ऑफिसात माझी उंची वाढली. खंडांमुळे समोरून फक्त डोकं दिसतं, हेही खरं.

२९ जुलै, मंगळवार

झेरॉक्सवाला गाढव आहे. त्याने फक्त विषम पानं छापली. १, ३, ५, ७. समपानं नाहीतच.

आज १५३ व्या पानावर लक्षात आलं. तोवर कुठे अडलो नव्हतो. लेखकाची शैली त्रोटक आहे असं समजत होतो. आवडायला लागली होती.

आता पुन्हा छापायला द्यायचं म्हणजे भुवनेश्वरीकडे फाइल मागायला हवी. ती विचारणार का, आणि मग सांगावं लागणार की दीडशे पानं वाचून कळलं नाही. अर्धं मॅन्युअल पुरे. अनुभवी माणूस मधलं जोडून घेतो.

४ ऑगस्ट, सोमवार

राजगोपाल सारांनी विचारलं, काम कुठवर आलं. म्हटलं, ऐंशी टक्के. अभ्यासाचं म्हणत होतो. त्यांनी ते कामाचं समजलं असेल तर तो त्यांचा प्रश्न.

८ ऑगस्ट, शुक्रवार

भुवनेश्वरी हल्ली रोज जेवणानंतर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसते. पत्ते खेळत असावी. आज एक वही घेऊन आली. जुन्या नोंदींतल्या खुणा विचारत होती. "सार, 'के' म्हणजे काय?" म्हटलं, कोर्वै. काठ वेगळ्या रंगाचा असतो आणि अंगाशी विणूनच जोडतात, ती साडी. "आणि 'एक्स टू'?"

'एक्स टू' मी २००८ मध्ये घातला होता. अर्थ होता: नंतर कुणालातरी विचारायचं. तिला सांगितलं, ती अंतर्गत खूण आहे. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, अशा तीनशे दहा नोंदी आहेत, त्या सगळ्या अंतर्गत का?

फार प्रश्न विचारते. स्वतःहून विचार करायची सवय नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सरस्वती अम्मा तिसऱ्यांदा. या वेळी सून हात धरून घेऊन आली. मी खंडांच्या मागे होतो. भुवनेश्वरीने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि कुजबुजत बराच वेळ बोलली. मी खंड दुसरा उघडून बसलो. वाचलं नाही. कान तिकडे होता.

गेल्यावर म्हटलं, "काय म्हणत होती?" भुवनेश्वरी म्हणाली, "विचारत होती, सारांना माझा राग आलाय का."

संकल्प: पुढच्या आठवड्यात तिचं काम स्वतःच्या हाताने करायचं.

२० ऑगस्ट, बुधवार. दुपारी १.३०

आज केलं. सगळे जेवायला गेले होते. खंड तिसरा, पान ८११. नोंद दुरुस्त करायची कमांड तिथे सुरू होते. नवं नाव द्या, नवा नंबर द्या. उरलेली कमांड ८१२ वर. ८१२ माझ्याकडे नाही. म्हटलं, उरलेलं एका ओळीपेक्षा जास्त काय असणार!

एकच ओळ होती. कुणाची नोंद बदलायची ते त्या ओळीत सांगायचं असतं.

१.३८

सोसायटीचे दोन हजार तीनशे चाळीस सभासद आहेत. सगळ्यांचं नाव आता सरस्वती रामस्वामी आहे. पुरुषांचंसुद्धा. राजगोपाल सारांच्या सासऱ्यांचंसुद्धा.

१.४५

बॅकअप आठवला. बॅकअप माझ्याकडेच असतो. तारीख बघितली. मार्च २०२२.

अशी भीती वडील गेले त्या दिवशी वाटली होती, त्यानंतर आजच.

३.००

भुवनेश्वरी आली, स्क्रीन बघितली, माझा चेहरा बघितला. पेन ड्राइव्ह लावला. म्हणाली, "सार, मी रोज सकाळी कॉपी काढते. थोडं सरका."

वीस मिनिटांत सगळे आपापल्या नावावर आले.

म्हटलं, राजगोपाल सारांना... ती म्हणाली, "कशाला?"

रात्री घरी सांगितलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. सुंदरीने जेवायला वाढलं आणि पुढचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अर्धा दिवस रजा. पोट.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कळलं की भुवनेश्वरी पत्ते खेळत नव्हती. सगळा डेटाबेस नव्या सर्व्हरवर गेला आहे. जुनी हजेरीपुस्तकं माळ्यावरून काढून तिने एकेक नोंद ताडून बघितली. स्वतः विणकरांच्या घरची आहे, त्यामुळे संध्याकाळी गल्लीत जाऊन माणसांना विचारून आली. २०११ मध्ये एकाचे दोन झालेले सत्तेचाळीस जण निघाले. सरस्वती अम्मा त्यातली एक. एकतीस वर्षं. यादीत नाव गेलं.

सत्तेचाळीस.

तिच्या वहीत प्रत्येक खुणेपुढे लिहिलंय: 'तुकोजी सारांकडून माहिती.' म्हणजे मूळ ज्ञान माझंच. अंमलबजावणी तिची. असं काम वाटून घेणं आधुनिक कंपन्यांत चालतं.

१ सप्टेंबर, सोमवार

नवा शर्ट. चार खंड टेबलावर, कडा जुळवून. दोन मिनिटांचं भाषण पाठ.

चेन्नईचे अधिकारी सरळ कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेले आणि भुवनेश्वरीशेजारी तासभर बसले. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "हे काय?" म्हटलं, मॅन्युअल. म्हणाले, "छापलंत? का?" एक खंड उघडला. पानं चाळली. पुन्हा मागे चाळली. मग ठेवून दिला. त्यांना एका मिनिटात कळलं.

सिस्टिम ऑफिसर: भुवनेश्वरी.

टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या. मोठ्या मनाच्या माणसाने सगळ्यांत आधी वाजवायच्या असतात. फक्त अधिकाऱ्यांचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

८ सप्टेंबर, सोमवार

नव्या सिस्टिमचं ट्रेनिंग. भुवनेश्वरीने सगळ्यांना बारा छापील पानं वाटली, तिने स्वतः लिहिलेली. वर लिहिलंय 'बिगिनर्ससाठी'. मी माझी ड्रॉवरमध्ये ठेवली. माझा स्तर वेगळा आहे. सवड झाली की चुका काढून देईन.

२३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १.१०

सरस्वती अम्मा आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा पुढच्या महिन्यात. काळा चष्मा. एकटी आली. कुठेही न अडखळता थेट माझ्या टेबलापुढे.

म्हणाली, "भुवनेश्वरीने सगळं सांगितलं. सारांनी तीन महिने जाड जाड पुस्तकं वाचली, म्हणून माझी वर्षं सापडली."

भुवनेश्वरीने असं सांगितलं!

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण अम्माने चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. इतके महिने येते आहे, माझा चेहरा आज पहिल्यांदा दिसला असावा. म्हटलं, "असू दे अम्मा. कामच आहे आमचं."

मग ती स्क्रीनकडे वाकली. म्हणाली, "आता मला दिसतं. माझं नाव कुठे आहे ते दाखवा ना सार. एकतीस कुठे लिहिलंय?"

नव्या सिस्टिममध्ये नाव कसं शोधायचं ते मला येत नाही. दोन बटणं दाबली. एक पिवळी चौकट आली. ती बंद केली. दुसरी आली.

ऑफिसात कुणी नव्हतं. भुवनेश्वरी जेवायला गेली होती. अम्माला स्टूल दिलं. म्हटलं, येईलच आता.

आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो.